गोराईच्या शेतावरची पंधरा मिनिटं: विजेच्या वादळाचं एक प्रकरण

गोराई म्हटलं की लोकांना बीच आणि पॅगोडा आठवतो, तिथे भातशेती आहे हे बोरिवलीत जन्म काढलेल्यांनाही माहीत नसतं. माझ्या मामाची आहे, साधारण तीस गुंठे. खाडीच्या एका काठाला बोरिवलीचे टॉवर, दुसऱ्या काठाला बांध, ताडाची झाडं आणि मध्येमध्ये लोकांचे वीकेंडचे बंगले. पत्ता मुंबईचा पण वादळ आलं की परिस्थिती अगदी खेड्यातलीच, मोकळं रान, लांब घर आणि आसरा म्हणून चार बांबूंचा मांडव.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका शनिवारी तिथे कापणी चालू असताना विजेचं वादळ आलं. ताडावर वीज पडली, एक शेळी गेली, मामा थोडक्यात वाचला. त्या दुपारचं मी सगळं वेळेसकट लिहून काढलं, वेळा मोबाइलमधल्या फोटोंवरून आणि कॉल लॉगवरून घेतल्या, कारण घरात प्रत्येकजण वेगळं सांगायला लागला होता आणि दोन महिन्यांनी "देवाने वाचवलं" एवढंच उरलं असतं. देवाचे आभार मीही मानले, पण आपण कुठे चुकलो ते कळायला हवं ना, पुढच्या वर्षी परत तिथेच कापणी होती.

जागा आणि माणसं

शेतावर आम्ही नऊ जण आणि एक तान्हं बाळ. मामा, मामी, मामाचा मुलगा म्हणजे दादा, दादाचा अकरा वर्षांचा मुलगा, शेजारचे काका, मी, आणि विक्रमगडकडून कापणीला आलेल्या तीन बायका, त्यातल्या एकीचं सात महिन्यांचं बाळ. मोठीला सगळे मावशी म्हणतात, ती दहा-बारा वर्षं येतेय. बाळाची झोळी आंब्याला बांधलेली, कारण अख्ख्या शेतात गार सावली तेवढीच.

आंबा दक्षिणेच्या बांधावर. पश्चिमेच्या बांधावर चार ताड, त्यांच्या पलीकडून काटेरी तारेचं कुंपण जातं आणि त्या तारेच्या खांबांना दोन शेळ्या बांधलेल्या. मधोमध मांडव, वर पत्रा. रस्ता दोनशे मीटरवर, तिथे दादाचा बंद केबिनचा छोटा टेम्पो उभा. रस्त्याच्या पलीकडे एक बंगला, मालक महिन्यातून एकदा येतात, बाकी वेळ वॉचमन असतो. आणि मामाचं घर बांधावरून चालत दहा मिनिटं, चिखल असेल तर पंधरा.

हे सगळं आत्ता कागदावर मांडलं तर कुठे जायला हवं होतं ते एका नजरेत दिसतं, त्या दिवशी सकाळी मात्र कुणी हा विचारच केला नव्हता.

दुपार

सकाळपासून ऑक्टोबर हीट, अंगाची लाही लाही. आदल्या रात्री दादाने मोबाइलवर यलो अलर्ट बघितला होता, मुंबई, ठाणे, पालघरला मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, पण तो म्हणाला तीन दिवस रोजच येतोय आणि रोज कोरडंच जातंय. खरंही होतं ते. यलो म्हणजे लक्ष ठेवा एवढंच, घरी बसा असं नाही, पण आम्ही लक्ष ठेवणं पण सोडून दिलं.

दुपारी २:४० ला मी पोराचा एक फोटो काढला, डोक्यावर भाताचा भारा घेऊन हसतोय. नंतर तो फोटो झूम करून बघितला तर त्याच्या मागे, खाडीपलीकडे, नॅशनल पार्कच्या डोंगरांवर पांढराशुभ्र ढग उभा आहे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, वरवर चढत गेलेला. म्हणजे तो पाऊण तास आधीच तिथे होता आणि आमच्यापैकी कुणीही बघितला नाही. असं मला तेव्हा वाटलं, पुढे कळलं की एका माणसाने बघितला होता.

का नाही बघितला याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पाऊस बघायचा म्हणजे समुद्राकडे बघायचं. जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून येतो, मामाचं अख्खं आयुष्य तिकडे बघण्यात गेलंय, समुद्र काळा झाला की ताडपत्री काढायची. त्या दिवशीही त्याने दोनदा कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला आज काही येत नाही. समुद्रावर खरंच काही नव्हतं. पण मान्सून परतायला लागला (मुंबईतून जायची त्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर) की वरचे वारे पूर्वेकडून वाहायला लागतात. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून आलेला दमट वारा डोंगरांशी वर चढतो, सह्याद्रीवर आणि ठाणे-रायगडच्या बाजूला ढग तयार होतात आणि संध्याकाळकडे ते उलटे किनाऱ्यावर येतात. म्हणजे ऑक्टोबरचं वादळ आपल्या पाठीमागून येतं. कापणीची आमची ओळ पण पश्चिमेकडे तोंड करून चाललेली, म्हणजे आठ माणसं विळा हातात घेऊन, वाकून, वादळाकडे पाठ करून.

३:२० ला पहिला आवाज. काका म्हणाले विमान असेल. मुंबईत असा आवाज झाला की पहिला विचार विमानाचाच येतो, मलाही तसंच वाटलं.

३:३३ ला मी पाणी प्यायला उभी राहिले होते आणि तोंड चुकून पूर्वेकडे होतं, तेव्हा ढगाच्या पोटात चमकलेलं दिसलं. मोजायला लागले. सत्तावीस सेकंदांनी गडगडलं. हिशोब सोपा आहे, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे चमकल्यापासून ऐकू येईपर्यंतचे सेकंद भागिले तीन. वीज नऊ किलोमीटरवर होती. आणि नियम असा की तीस सेकंदांच्या आत आवाज आला की काम बंद, पक्क्या आसऱ्याला जायचं, कारण वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांबसुद्धा पडू शकते, जिथे वर आकाश निळं आहे आणि पावसाचा थेंब नाही तिथेही. सोपं करून सांगायचं तर गडगडाट कानाला ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात, मोजत बसायचीही गरज नाही.

हे मला माहीत होतं. ऑफिसात फर्स्ट एड आणि सेफ्टीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं त्यात सगळं शिकवलं होतं. मी मामाला म्हटलं, "मामा, वीज नऊ किलोमीटरवर आहे, थांबूया आता." मामा म्हणाला, "अगं पाऊस कुठाय? चाळीस भारे पडलेत खाली, ते भिजले तर कोंब येतील. तेवढे उडवीला लावू, मग निघू." उडवी म्हणजे भाऱ्यांचा रचलेला ढीग. आणि मी गप्प बसले, भारे उचलायला लागले. ही या प्रकरणातली माझी चूक आणि ती सगळ्यात मोठी, कारण बाकीच्यांना माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. मोठ्या माणसाशी शेतात उभं राहून वाद कसा घालायचा, तेही मी वर्षातून दोन शनिवार येणारी.

पुढची दहा-अकरा मिनिटं आम्ही भारे उचलत होतो. मामाचं चुकलं असं मी तोडून म्हणणार नाही, ज्याचं वर्षाचं धान खाली पडलंय त्याला ते सोडून जा म्हणणं बसमध्ये बसल्यासारखं सोपं नसतं. पण तो पावसाची वाट बघत होता आणि वीज पावसाची वाट बघत नाही. पहिला थेंब पडेपर्यंत थांबायचं ही सवय आमच्या सगळ्या गावाला आहे आणि तीच धोक्याची आहे.

३:४४ ला वारा बदलला. दुपारभर समुद्राचा वारा होता तो एकदम पडला, पान हलेना, आणि मग पूर्वेकडून गार झोत आला, फ्रिज उघडल्यासारखा. पेंढा उडायला लागला, मांडवाचा पत्रा वाजायला लागला. हा ढगातून खाली आदळून पसरणारा वारा असतो, वादळाच्या आधी येतो, आणि त्याला हलकं घेऊ नये. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर ते प्रचंड होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली ती अशाच वादळी वाऱ्यात, तेव्हाही मुंबईवर आधी धुळीचा पडदा आला होता. आमच्याकडे होर्डिंग नाही, पण सुटलेला पत्रा माणसाला कापून जाऊ शकतो.

परत चमकलं, अकरा सेकंद. पावणेचार किलोमीटर.

कुठे जायचं

आता सगळे पळायला लागले आणि प्रत्येकजण वेगळीकडे. पोरगं मांडवाखाली. काका ताडाच्या बाजूला, त्यांचा डबा तिथे होता. बायका आंब्याकडे, कारण बाळ तिथे. बाळाची आई धावत जाऊन झोळीतून बाळ काढून तिथेच बुंध्याशी बसली, डोक्यावर पदर घेऊन, कारण आता टपोरे थेंब पडायला लागले होते आणि पावसात बाळाला घेऊन झाडाखाली बसणं हे कुठलीही आई करेल.

झाडाखाली का नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण कारण माहीत नसलं की ऐन वेळी विसरलं जातं. वीज उंच वस्तू पकडते, झाडात शिरते, आणि मग खोडातून सरळ खाली न जाता शेजारच्या माणसावर उडी मारते, कारण माणसाच्या अंगात पाणी आणि मीठ, तिला तो रस्ता सोपा. आणि जे अंगावर उडी मारत नाही ते मुळांतून जमिनीत पसरतं, भोवतालच्या ओल्या जमिनीत करंट फिरतो. माणसाचे दोन पाय एकमेकांपासून लांब असतील तर तो एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. अंगावर थेट वीज पडून जेवढे मरतात त्यापेक्षा असे जमिनीतून आणि झाडावरून मरणारे जास्त. मांडवाचं पण तेच, वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या, ऊन-पावसाला चालेल, विजेला त्याचा काही उपयोग नाही.

काका ओरडून म्हणाले, "अगं पॅगोडा आहे ना तिथे एवढा उंच, वीज पडली तर तिथे पडेल!" गावात असं खूप जण मानतात. पॅगोडा खरंच खूप उंच आहे, पण उंच इमारतीचा आडोसा तिच्या अगदी जवळच्या भागापुरता असतो, आमचं शेत तिथून लांब, इथे सगळ्यात उंच काय तर चार ताड.

मग दोन जागा उरल्या. टेम्पोची केबिन आणि रस्त्यापलीकडचा बंगला. गाडी सुरक्षित असते ती टायरच्या रबरामुळे असं लोक म्हणतात, ते चुकीचं आहे, एवढी हवा फाडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार. पत्र्यामुळे असते, करंट बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो, म्हणून वर आणि चारी बाजूंनी पत्रा हवा, काचा बंद आणि हात मांडीवर, दरवाजाच्या लोखंडाला टेकायचं नाही. रिक्षा, बाइक, टेम्पोचा मागचा उघडा हौदा, ट्रॅक्टर, यातलं काही चालत नाही.

दादा किल्ली घेऊन पळाला. मी आंब्याकडे पळाले आणि बाळाच्या आईला अक्षरशः दंडाला धरून उठवलं. टेम्पोच्या केबिनमध्ये दादा, बाळ-बाळंतीण, पोरगं आणि मामी एवढे कोंबले, गाडी बंगल्याच्या गेटात नेली. उरलेले आम्ही पायी, मी सगळ्यांना ओरडत होते लांब लांब चाला, गठ्ठ्याने नको. म्हणजे वीस-वीस पावलांचं अंतर, कारण एकावर पडली तर मदतीला दुसरा उभा राहिला पाहिजे. विळे तिथेच टाकायला सांगितले. विळ्यामुळे वीज खेचली जात नाही, वीज बघते ती उंची, पण हातात धातू असेल तर भाजतं खूप आणि पळताना पडलं तर विळा लागायचा.

वॉचमनने आम्हाला आत घेतलं. मालकाला न विचारता, ओल्या चिखलाच्या पायांनी. त्या माणसाचे उपकार आहेत. आधी तो म्हणाला व्हरांड्यात उभे राहा, मी म्हटलं नाही भाऊ, व्हरांडा उघडा आहे, आत घ्या. मग मधल्या खोलीत बसवलं, खिडक्यांपासून लांब, भिंतीला न टेकता, कारण पक्क्या घरावर वीज पडली तर ती वायरिंगमधून आणि नळाच्या पाइपातून खाली येते. नळाला हात नाही, अंघोळ नाही, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढलेले असले तर उत्तम, पण ते वादळ येण्याआधी, डोक्यावर गडगडताना प्लगला हात लावायचा नाही.

३:५२

मोजणी केली तर एक माणूस कमी. मामा.

तो उडवीवर ताडपत्री टाकायला परत फिरला होता. खिडकीतून दिसत होता, ताडपत्रीच्या टोकावर दगड ठेवत होता. मी दरवाजात उभी राहून जीव तोडून हाका मारल्या. त्याने ऐकलं, बंगल्याकडे वळला, साठ-सत्तर पावलं आला असेल आणि सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला असं वाटलंच नाही, दोन्ही एकत्र. पश्चिमेच्या बांधावरचा दुसरा ताड, शेंड्यापासून खालपर्यंत सालीची पट्टी उडालेली, वर धूर.

मामा गुडघ्यावर बसला होता. ताडापासून तो बराच लांब होता, तरी म्हणतो पायातून मुंग्यांची रांग चढल्यासारखी झाली आणि पाय नाहीतच असं वाटलं. दादा बाहेर धावला. काका ओरडले, "हात लावू नको, करंट असेल अंगात!" हे वाक्य माणसं मारतं. विजेचा करंट अंगात राहत नाही, क्षणात निघून जातो, त्या माणसाला लगेच हात लावता येतो आणि लावायलाच हवा. वीज पडलेला माणूस बऱ्याचदा जळून नाही मरत, त्याचं हृदय आणि श्वास बंद पडतो, आणि लगेच छातीवर दाब दिला तर परत चालू होऊ शकतो. म्हणून जास्त जण पडले असतील तर कण्हणाऱ्याकडे नंतर जायचं, जो निपचित पडलाय, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शेणात किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरतात काही ठिकाणी, त्यात जी दोन-चार मिनिटं जातात तेवढ्यात माणूस जातो.

मामा शुद्धीवर होता, बोलत होता, कानात शिट्टी वाजतेय म्हणत होता. दादाने खांद्याला धरून आत आणला. मी १०८ ला फोन लावला तर काका परत, मोबाइल बंद कर, मोबाइलवर वीज येते. वायरवाला लँडलाइन किंवा चार्जिंगला लावलेला फोन नको, हातातला सुटा मोबाइल वीज खेचत नाही. त्या गैरसमजापायी लोक ऐन वेळी मदतीचा फोनच करत नाहीत, म्हणून हे ठासून लिहितेय.

खाडीपलीकडे बोरिवलीला जायच्या होड्या बंद झाल्या होत्या, त्या व्हायलाच हव्यात, खाडीच्या मधोमध उघड्या होडीत सगळ्यात उंच वस्तू म्हणजे माणसाचं डोकं. ॲम्ब्युलन्स रस्त्याने उत्तन-भाईंदरकडून येणार, वेळ लागणार हे कळत होतं. आली, हॉस्पिटलात ईसीजी केला, रात्रभर ठेवलं. बरा दिसत असला तरी न्यायचंच असतं, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. आता ठणठणीत आहे, डाव्या कानाला थोडं कमी ऐकू येतं.

शेळीचं सांगायचं राहिलं. ताडापासून चांगली वीस-पंचवीस पावलं लांब होती, कुंपणाच्या खांबाला बांधलेली, अंगावर एक खूण नाही आणि मेलेली. काटेरी तारेने करंट पार लांबपर्यंत नेला. जनावरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, मध्ये हृदय, म्हणून जिथे माणूस वाचतो तिथे जनावर जातं. दुसरी शेळी दावं तोडून आधीच पळाली होती.

४:२० ला पाऊस थांबला, ऊन पण पडलं. सगळे उठले, भारे बघायला जाऊ म्हणून. मी दरवाजात आडवी उभी राहिले, यावेळी गप्प बसले नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास, त्यात परत गडगडलं तर घड्याळ परत शून्यावर. ४:२८ ला खाडीकडे परत चमकलं. त्यानंतर कुणी उठलं नाही. ५:२० ला बाहेर पडलो.

मावशीने बघितलं होतं

हॉस्पिटलातून मामा आल्यावर रविवारी संध्याकाळी ओटीवर बसून सगळ्यांशी बोलले, एकेकाला विचारलं कुणाला कधी कळलं. तेव्हा मावशीने सांगितलं की तिने ढग तीनच्या सुमारास बघितला होता आणि पहिला आवाज विमानाचा नाही हेही तिला कळलं होतं. तिच्या गावाकडे डोंगरउतारावर वीज पडून माणसं गेलेली तिने बघितलीत, पूर्वेचा असा उभा ढग म्हणजे काय ते तिला पाठ आहे. मग बोलली का नाहीस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, काम थांबलं तर अर्धी हजेरी कापतात सगळीकडे. आणि तिच्याबरोबरच्या दुसऱ्या बाईबद्दल काका सकाळी बोलले होते की ही पायाळू आहे, हिच्यापासून लांब राहा वीज आली तर, ते तिने ऐकलं होतं. त्यामुळे विजेचं नावच काढायचं नाही असं तिघींनी ठरवलं होतं.

मला हे ऐकून रडू आलं. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेलं मूल एवढंच, विजेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि या एका खुळ्या समजुतीपायी तीन बायका आणि एक बाळ आंब्याखाली बसून राहिले असते. माहिती शेतात होती, सगळ्यात आधी होती, फक्त ती जिच्याकडे होती तिला बोलायची सोय नव्हती. मला माहीत होतं आणि मी भीडेपोटी गप्प, तिला माहीत होतं आणि ती पोटापायी गप्प. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीच्या आकड्यांत वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं देशात विजेने जातात, निसर्गाच्या कोपातल्या बाकी कुठल्याही कारणापेक्षा जास्त, आणि त्यात शेतात काम करणारे खूप असतात. त्यातल्या किती जणांच्या आजूबाजूला अशी गप्प बसलेली माणसं असतील असं माझ्या मनात येतं.

यंदा काय केलं

मामाने यंदा कापणीच्या पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं की विजेमुळे काम थांबलं तर पूर्ण हजेरी मिळेल, एक रुपया कापणार नाही. बाकी सगळ्या उपायांपेक्षा मला हा मोठा वाटतो. थांबायचं कुणी सांगायचं? कुणीही. मावशीच्या गळ्यात शिट्टी दिली, ती वाजली की हातातलं टाकून निघायचं, विचारायचं नाही पाऊस कुठाय.

दादाच्या मोबाइलवर दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने काढलेलं, आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात गेल्या काही मिनिटांत कुठे विजा पडल्या ते दाखवतं. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा पण तो दुपारी दोननंतर बघत राहतो, यलो असो की ऑरेंज. ॲप चांगलं आहे पण मी सगळ्यांना सांगते की रेंज गेली तरी कान आहेत.

टेम्पो आता रस्त्यावर नाही, शेताच्या तोंडाशी उभा करतो. बंगल्याच्या मालकांना दादाने फोन करून रीतसर परवानगी घेतली, ते लगेच हो म्हणाले. बाळ आता चालायला लागलंय, त्याची सावली वॉचमनच्या खोलीत. कापलेलं भात दोनपर्यंत उडवीला लावायचं आणि दोननंतर नवीन कापायचं नाही असं ठरवलं, कारण चाळीस भारे खाली नसते तर मामाला जायला एवढं जड गेलंच नसतं. गेल्या वर्षी त्यातले भिजलेले भारे दोन दिवस परत वाळवले, थोड्यांना कोंब आले, नुकसान झालं पण झेपण्यासारखं.

कुणी विचारतं की काहीच आसरा नसेल तर? मग झाडं, खांब, तारा, पाणी यांपासून लांब, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, टाचा जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली, कानावर हात, आडवं पडायचं नाही. अंगावरचे केस उभे राहिले तर त्या क्षणी. पण हा शेवटचा उपाय, त्याने फार काही वाचत नाही. पळून आसऱ्याला जाता येत असेल तर उकिडवं बसण्यात वेळ घालवू नये.

यंदा शिट्टी दोनदा वाजली. पहिल्यांदा काहीच आलं नाही, ढग वसईकडे सरकला, सव्वा तास बंगल्यात बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. मामाने तिघींची पूर्ण हजेरी मोजून दिली. दुसऱ्यांदा चांगलं तासभर कडाडलं, कुठेतरी खाडीत पडली असावी.

काटेरी तार अजून तिथेच आहे, ती तोडायचा किंवा मध्येमध्ये जमिनीशी जोडायचा खर्च मामा पुढच्या वर्षी करू म्हणतोय. तोवर शेळी आम्ही घरीच बांधतो. आणि जेट्टीवर होडीची वाट बघत लोक अजून त्या उघड्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहतात, तिकडे कुणाशी बोलायचं ते दादा बघतोय.